[मंडळ] पत्रकातला ‘स्टेम सेल’ शब्द ठेवायचा की काढायचा? आज रात्रीपर्यंत कळवा

प्रेषक: मंजिरी

मंडळी,
पत्रक उद्या सकाळी छपाईला जातंय. गणपतीच्या रविवारी पॅरिश हॉलमध्ये आपण रुग्णांना मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी तयार होतात त्या) देणाऱ्या दात्यांच्या नोंदणीचं टेबल लावतोय, पत्रकावर ठळक अक्षरात ‘स्टेम सेल दाते व्हा’ असं आहे. दोघांचे फोन आले: हॉल कॅथलिक चर्चचा, चर्चचा स्टेम सेलला विरोध, तो शब्द काढा. ढोलांच्या प्रकरणानंतर हॉलच्या ऑफिसशी नवा वाद नको, हे मी वेगळं सांगायला नको. नुसतं ‘गालातला नमुना द्या’ एवढंच ठेवू का? १० वाजेपर्यंत सांगा.

---

प्रेषक: श्रीकांत

काढून टाका. चर्चचा विरोध आहे हे पंचवीस वर्षं पेपरात येतंय. आपण कशाला विकतचं दुखणं घ्यायचं?

---

प्रेषक: फिलिप

श्रीकांतराव, पेपरात आलं ते अर्धंच आलं. विरोध आहे तो भ्रूण नष्ट करून मिळवलेल्या पेशींना. अस्थिमज्जा, रक्त, नाळेतलं रक्त यांतल्या पेशींना नाही, आणि आपलं टेबल फक्त यांच्यासाठीच आहे. बातमीतून ‘भ्रूणातल्या’ हा एक शब्द गाळला की सगळं उलटं होतं.

तारखा देतो, ऑफिसला दाखवता येतील. २५ ऑगस्ट २००० ला व्हॅटिकनच्या पाँटिफिकल अकॅडमी फॉर लाइफ या संस्थेचं निवेदन आलं. त्यात भ्रूणपेशींना नकार आहे आणि त्याचबरोबर प्रौढ पेशींचा, म्हणजे भ्रूणाऐवजी जन्मलेल्या माणसाच्या शरीरातून घेतलेल्या पेशींचा, रस्ता धरा असंही आहे. चारच दिवसांनी पोप जॉन पॉल दुसरे रोममध्ये प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या परिषदेत हेच बोलले. बातम्यांत गाजला तो नकार. डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिग्निटास पर्सोने’ या व्हॅटिकनच्या दस्तऐवजाचा ३२वा परिच्छेद काढा: प्रौढ शरीरातून, जन्माच्या वेळी नाळेतल्या रक्तातून घेतलेल्या पेशी ग्राह्य, असं सरळ लिहिलंय.

आणि नुसतं बोलणंच नाही, पैसाही दिलाय. ऑक्टोबर २००५ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलच्या आर्चडायोसीसने (कॅथलिक धर्मप्रांताने) प्रौढ मूलपेशींच्या संशोधनासाठी १० अब्ज वॉन जाहीर केले. त्या वेळी कोरियात शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांच्या क्लोन केलेल्या भ्रूणपेशींचा जयजयकार चालू होता, चर्च म्हणजे प्रगतीच्या आड येणारं असा सूर होता. जानेवारी २००६ मध्ये त्यांच्याच विद्यापीठाच्या चौकशीत त्या पेशी बनावट ठरल्या. २०१० मध्ये व्हॅटिकनने मेरीलँड विद्यापीठाच्या पुढाकाराने होणाऱ्या आतड्यातल्या मूलपेशींच्या संशोधनाला पाठबळ दिलं, त्याच वर्षी नियोस्टेम या प्रौढ मूलपेशींवर काम करणाऱ्या अमेरिकन कंपनीशी करार केला.

---

प्रेषक: अनिता

फिलिप म्हणतात ते बरोबर. शब्द गळतो कसा, हेही पाहण्यासारखं आहे. ९ ऑगस्ट २००१ च्या अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्या निर्णयाला ‘स्टेम सेल संशोधनावर बंदी’ म्हणायची सवय लागली. प्रत्यक्षात त्या दिवसानंतर तयार झालेल्या भ्रूणपेशींच्या वंशावळींना (प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशींच्या संचांना) केंद्राचा निधी बंद होता. खासगी पैशाने काम करायला मनाई नव्हती, प्रौढ पेशींच्या निधीला हातच लावला नव्हता. पण मथळ्यात ‘भ्रूण’ आणि ‘केंद्रीय निधी’ दोन्ही मावत नाहीत.

याहून ठळक उदाहरण ऑगस्ट २००६ चं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपनीचा शोधनिबंध ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. भ्रूणाला धक्का न लावता एक पेशी काढून मूलपेशी बनवल्या, आता चर्चचा आक्षेपच संपला, अशा बातम्या झाल्या. निबंध वाचला तर १६ भ्रूण, त्यांतून सुट्या केलेल्या ९१ पेशी आणि हाती आलेल्या दोन वंशावळी. म्हणजे एकेका भ्रूणातून अनेक पेशी काढल्या होत्या, एकही भ्रूण टिकला नाही. अमेरिकन बिशपांच्या कार्यालयाने हे दाखवून दिलं, ‘नेचर’ला खुलासा करावा लागला. पहिल्या दिवशीचा मथळा वाचणाऱ्यांतल्या किती जणांनी तो खुलासा पाहिला असेल?

---

प्रेषक: सुधाकर

माध्यमांचं माप त्यांच्या पदरात घाला, पण दुसऱ्या बाजूने फुगवलं ते कोण सांगणार? ‘प्रौढ पेशींनी ६५ आजार बरे होतात, भ्रूणपेशींनी शून्य’ ही यादी चर्चच्या बाजूच्या प्रकाशनांनी वर्षानुवर्षं छापली. जुलै २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तीन शास्त्रज्ञांनी ती तपासली. अमेरिकन औषध प्रशासनाच्या निकषाला उतरणारे आजार निघाले ९. बाकी एखाद-दुसऱ्या रुग्णाचे अनुभव, चालू चाचण्या, असंच.

२०१२ च्या एप्रिलमधली व्हॅटिकनची परिषद ऐन वेळी रद्द झाली तेव्हा कारण आर्थिक आणि व्यवस्थेचं दिलं. वक्त्यांत भ्रूणपेशींवर काम करणारे होते, हा भाग गाळला. आणि नियोस्टेम ही धंदा करणारी कंपनी होती. तिच्याबरोबर घेतलेल्या परिषदांत रुग्णांना व्यासपीठावर बसवून आशा दाखवल्या, यावर टीका झाली, ती काही भ्रूणपेशींच्या समर्थकांनीच केली असं नाही. एकतर्फी बातमीवर उतारा म्हणून दुसरी एकतर्फी बातमी नको.

---

प्रेषक: फिलिप

सुधाकरकाका, ६५ ची यादी मीही मान्य करत नाही. पण यादी फुगवलेली होती म्हणून पाठिंबा नव्हता असं होत नाही. बातमीत ‘विरोध’ पहिल्या ओळीत आणि ‘पाठिंबा’ चौदाव्या परिच्छेदात, एवढाच माझा मुद्दा. २०१२ च्या परिषदेबद्दल तुमचं बरोबर.

---

प्रेषक: वसुधाताई, अंक संपादन

मराठी मजकूर माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायचा नाही हे ठरलं होतं ना? पत्रकात ‘स्टेम सेल’ का? ‘मूलपेशी’ म्हणा. ‘स्कंदपेशी’ असाही शब्द चालतो, पण आपल्या अंकात आजवर ‘मूलपेशी’च आलाय. आणि फिलिप म्हणतात तसं ‘प्रौढ मूलपेशी दाते हवेत’ केलं तर प्रश्नच मिटतो.

---

प्रेषक: अनिता

ताई, मिटत नाही, नवा उभा राहतो. ‘प्रौढ’ हे विशेषण पेशीचं आहे, दात्याचं नाही. नवजात बाळाच्या नाळेतल्या रक्तालाही याच गटात धरतात. ‘प्रौढ दाते हवेत’ असं छापलंत की साठीचे सगळे काका रांगेत येतील, आणि नोंदणीचं वय आहे १८ ते ४०. पस्तिशीच्या आतल्यांना डॉक्टर जास्त पसंती देतात. कॉलेजची मुलं टेबलाकडे फिरकायची नाहीत.

माझ्या मते मजकूर असा: ‘रक्तातल्या मूलपेशींचे दाते हवेत. वय १८ ते ४०. आज फक्त गालातला नमुना.’ खाली बारीक अक्षरात ‘ब्लड स्टेम सेल’ असावं, कारण पुढे एनएमडीपीकडून (दात्यांची नोंदवही ठेवणारी अमेरिकन संस्था) फोन येतो तेव्हा हाच शब्द कानावर पडतो आणि लोक जाहिरात समजून फोन ठेवतात.

---

प्रेषक: श्रीकांत

नमुना देताना सुई असते का?

---

प्रेषक: अनिता

नाही. बोळा गालाच्या आतून घासायचा, बस. गोंधळ कुठे होतो ते सांगते.

एक, टेबल प्रसादाच्या रांगेनंतर नको, आधी लावा. तोंडात मोदक असताना नमुना चांगला येत नाही. खाल्लं असेल तर चूळ भरून थोडं थांबायचं. दोन, बोळा हवेत वाळू द्यायचा, ओला पाकिटात घातला की खराब होतो. तीन, बारकोड. नवरा-बायको एकत्र बसून भरतात आणि स्टिकर अदलाबदल होतात. एका वेळी एकच पाकीट उघडा. चार, प्रत्यक्ष दानाची माहिती नोंदणीआधीच सांगा. बहुतेक वेळा पाच दिवस फिलग्रॅस्टिमची (रक्तातल्या मूलपेशी वाढवणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं आणि मग हातातून रक्त काढून यंत्रातून मूलपेशी वेगळ्या करणं, त्याला काही तास लागतात. हाडं दुखतात, नंतर थांबतं. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. हे ऐकून कोणी मागे फिरलं तर आजच फिरू दे. रुग्णाची स्वतःची मज्जा केमोने संपवल्यावर दाता नाही म्हणाला तर रुग्णाच्या जिवावर बेततं.

टेबल का, असं कोणी विचारलं तर: पूर्ण जुळणारा दाता नोंदवहीत सापडण्याची शक्यता गोऱ्या रुग्णाला ७९ टक्के, आशियाई वंशाच्या रुग्णाला ४७.

---

प्रेषक: मंजिरी

‘प्रौढ’ नको, ‘रक्तातल्या मूलपेशी’ हे पक्कं. वसुधाताई, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं आत्ता बघून द्या. फिलिप, ऑफिससाठी चार ओळींची चिठ्ठी तुम्ही लिहाल का, ३२व्या परिच्छेदासकट? ६५ ची यादी घालू नका. टेबल आरतीच्या आधी ११ ते १, चपलांच्या रॅकशेजारी.

---

प्रेषक: श्रीकांत

रॅकशेजारी नको, तिथे दरवर्षी ढोलवाले सामान ठेवतात.