लाखी नाणं खरं की वाईसमध्ये (शिकंज्यात) दाबलेलं?

कृष्णाकाठचा_पोरगा (सांगली)
मंडळी जरा मदत करा. पंचम जॉर्जचा १९१९ चा पाव आणा एकजण विकतोय, एका बाजूला राजाचं तोंड नेहमीसारखं, दुसऱ्या बाजूला तेच तोंड उलटं आणि आत गेलेलं. म्हणतोय लाखी आहे, म्हणजे टाकसाळीतच चुकून असं छापलेलं, अडीच हजार द्या. शिवाय घरच्या डब्यात एक नाणं कडेला चंद्रकोरीसारखं कापलेलं निघालंय आणि एका शिवराईवर अर्धीच अक्षरं आहेत. ही सगळी टाकसाळीची चूक म्हणायची का?

जुना_ढब्बू
लाखी कशी होते ते आधी समजून घे. छापलेलं नाणं खालीच न पडता एका डायला (छापायच्या ठशाला) चिकटून बसतं, वर नवा कोरा तुकडा येतो, मग त्याच्या एका बाजूला डायचा नीट छाप उठतो आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचा उलटा खोलगट. म्हणजे त्या खोलगट बाजूला दुसरं काही छापलंच गेलेलं नसतं. दोन नाणी एकमेकांवर ठेवून वाईसमध्ये आवळली तरी तोंड उमटतं, पण मूळचा मजकूर कुठं जाणार, तो खाली राहतोच. भिंग घे, नाणं उजेडात तिरकं धर आणि उलट्या तोंडाच्या आसपास 'क्वार्टर' नाहीतर 'इंडिया'ची अक्षरं दिसतात का बघ. सरळ बाजूच्या राजाचे केस, कान, मुकुट चेपलेत का तेही बघ.

सराफकट्टा_रविवार
कापलेल्या नाण्याचं सांगतो. पट्टीतून गोल तुकडे काढताना पट्टी पुरेशी सरकली नाही की तुकडे कापणारा पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चंद्रकोर जाते. असं नाणं असेल तर कापाच्या बरोब्बर समोरची कड बहुतेक वेळा अशक्त, पसरट असते, कारण कड उठवताना समोरून दाबच मिळालेला नसतो, आणि कापाजवळची अक्षरं थोडी ओढल्यासारखी होतात. कात्रीनं कापलेल्याची अक्षरं तटकन तुटतात आणि समोरची कड ठणठणीत. वजन करत बसू नको, दोन्हीकडं कमीच भरणार.

मावळा_सातारा
शिवराईचं टेन्शन घेऊ नका. हातानं घण मारून पाडलेली नाणी ती, तुकडा ठशापेक्षा लहान, त्यामुळं 'श्री राजा शिव' पूर्ण आणि मधोमध बसलेली शिवराई मिळाली तर उलट तीच भारी. साताऱ्यात अर्ध्या अक्षरांची एरर म्हणून विकणारे भेटतात, हसून पुढं जायचं. आणि चिंचेनं घासू नका राव, आहे ती किंमतपण जाते.

कृष्णाकाठचा_पोरगा (सांगली)
बघून आलो. उलट्या तोंडाच्या हनुवटीखाली 'क्वार्टर'मधली दोन अक्षरं पुसट दिसतात आणि सरळ बाजूचा कान सपाट. त्याला दाखवलं तर म्हणतो दोन हजाराला घ्या 😄 घरच्या नाण्याची समोरची कड मात्र खरंच बसकी आहे, फोटो संध्याकाळी टाकतो.

जुना_ढब्बू
दोन्ही बाजूंचे टाक, आणि कडेचा वेगळा.