मदत हवी आहे : बंदरावरील कमजोर नेटवर्क कार्यालयात कसे निर्माण करावे?

नमस्कार. दापोलीत बसून आम्ही दोघे जण मच्छीमार आणि व्यापारी यांच्यासाठी एक छोटे चॅट अ‍ॅप तयार करीत आहोत. परतणाऱ्या तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने) किनाऱ्याजवळ येताच मासळी किती आहे ते कळवावे आणि व्यापाऱ्याने लिलावाआधी बर्फाची व टेम्पोची तजवीज करावी, एवढाच त्याचा हेतू आहे. अ‍ॅप अँड्रॉइडवर चालते व सर्व्हरशी वेबसॉकेटने (सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीने) जोडलेले असते.

कार्यालयातील वाय-फायवर सर्व चाचण्या व्यवस्थित पार पडतात. एअरप्लेन मोड लावून पाहिला, तेव्हाही संदेश रांगेत थांबला आणि नेटवर्क येताच एकदाच गेला. मात्र हर्णै बंदरात, सुवर्णदुर्गाच्या बाजूला नांगरलेल्या नौकेवरून पाठवलेला ‘सुरमई चार पाट्या’ हा संदेश व्यापाऱ्याच्या फोनवर दोनदा उमटला आणि त्याने आठ पाट्यांच्या हिशोबाने बर्फ आणून ठेवला. (जादा बर्फाचे पैसे आम्हीच भरले.) त्याच संध्याकाळी त्याने विचारलेल्या ‘अजून आहे का?’ या प्रश्नाच्या वरच तांडेलाचे ‘विकली’ हे उत्तर दिसत होते, कारण तांडेलाच्या फोनचे घड्याळ ७ मिनिटे मागे होते आणि संदेशांचा क्रम आम्ही फोनच्या वेळेवरून लावतो.

१० सेकंदांत सर्व्हरची पोच आली नाही, तर अ‍ॅप तोच संदेश पुन्हा पाठवते. दोष तिथेच असावा असे वाटते, परंतु कार्यालयात तो एकदाही पकडता आलेला नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर हर्णै गाठणे शक्य नाही, शिवाय १ जूनपासून मासेमारीबंदी लागली की नौकाच बाहेर पडणार नाहीत. ही स्थिती टेबलावर हुबेहूब कशी उभी करावी?

प्रतिसाद :

एअरप्लेन मोडमध्ये जोडणी तुटल्याचे फोनला लगेच कळते. बंदरावर ती तुटत नाही, नुसती लोंबकळते. अँड्रॉइड ज्यावर उभे आहे त्या लिनक्सच्या मूळ मांडणीत टीसीपी (डेटाची पॅकेटे पोहोचवणारी यंत्रणा) तेच पॅकेट १५ वेळा पुन्हा पाठवून साधारण १५ मिनिटांनी हार मानतो, आणि तोवर अ‍ॅप स्वतःला जोडलेलेच समजते. आपला संदेश बहुधा सर्व्हरवर पोहोचला होता आणि परतणारी पोच तेवढी हरवली. म्हणून फोन व सर्व्हर यांच्यामध्ये टॉक्सिप्रॉक्सी (नेटवर्कमध्ये मुद्दाम बिघाड घडवणारे चाचणीचे साधन) बसवा आणि त्यातील ‘टाइमआउट’ हा अडथळा शून्य मूल्यासह फक्त सर्व्हरकडून फोनकडे येणाऱ्या दिशेला लावा, म्हणजे जोडणी न तुटता पोच तेवढी अडेल. ओकेएचटीटीपी (अँड्रॉइडवरील नेटवर्क लायब्ररी) वापरत असाल, तर त्यातील पिंगचे (जोडणी जिवंत आहे का हे तपासणाऱ्या छोट्या संदेशाचे) अंतर मुळात शून्य, म्हणजे पिंग बंद, असते. ते चालू करा. क्रम सर्व्हरने दिलेल्या अनुक्रमांकावरून लावावा, फोनची वेळ केवळ दाखवण्यापुरती ठेवावी, आणि चाचणीत एका फोनचे घड्याळ मुद्दाम मागे करावे. एक विनंती : मजकूर ताडून दुबार संदेश गाळू नका, चार पाट्या विकल्यावर तांडेल आणखी चार पाट्यांसाठी तेच शब्द पुन्हा लिहू शकतो.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. परतीची दिशा अडवताच पहिल्याच प्रयत्नात संदेश दोनदा उमटला. संदेशाचा आयडी आम्ही पाठवण्याच्या क्षणी तयार करीत होतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत तो नवा पडत होता आणि डेटाबेसमधील युनिकची (एक आयडी एकदाच नोंदवण्याची) अट निरुपयोगी ठरत होती. आता पाठवण्याचे बटण दाबताच तो एकदाच तयार होऊन फोनमध्ये साठवला जातो. पोच अडवून ४० वेळा तपासले, सुरमई चारच पाट्या राहिली.