सुटं पान विकत घ्यावं का? (फारसी-अरबी हस्तलिखितांची सोनेरी पानं)

कागदकाम (पुणे):
जुन्या कागदांची डागडुजी करणं हा माझा व्यवसाय. गेल्या महिन्यात ओळखीच्या एकांनी परदेशात विकत घेतलेलं शाहनाम्याचं, म्हणजे फिरदौसीच्या फारसी महाकाव्याचं, एक पान माउंट बदलायला दिलं. चार रकान्यांत नस्तालिक वळणाची फारसी अक्षरं, भोवती सोन्याची जदवल, म्हणजे चौकटीच्या रेघा. त्यातल्या हिरव्या रेघेचा जंगार, म्हणजे तांब्यापासून केलेला रंग, कागद खात गेला होता, तिथे बोट लावायलाही भीती वाटत होती. हे नेहमीचंच. पण शिवणीकडची कड पाहिली आणि हात थांबला. ती झिजलेली नव्हती, ब्लेडने सरळ कापलेली होती.

पानाच्या मागच्या बाजूला खाली डाव्या कोपऱ्यात तिरका लिहिलेला एकच शब्द होता. पुढचं पान ज्या शब्दाने सुरू होतं, तो असा आधीच लिहून ठेवत, म्हणजे बांधणाऱ्याचा क्रम चुकत नसे. तो शब्द अजून पुढच्या पानाची वाट पाहतोय, आणि ते पान कुठे आहे कुणालाच माहीत नाही. माझं मत स्पष्ट आहे: सुटी पानं विकत घेऊ नयेत. घेणारे आहेत म्हणून पुस्तकं फाडली जातात.

हाशिया (लंडन):
पूर्ण असहमत. माझ्याकडे अशी तीन पानं आहेत आणि मला त्याची लाज वाटत नाही. सुटी पानं जमवणं हा विलायती दलालांचा शोध नाही. इराणच्या सफवी आणि आपल्या मुघल दरबारांत मुरक्के तयार होत होतेच. वेगवेगळ्या हातांची सुलेखनं, चित्रं नव्या हाशियात, म्हणजे कडेच्या समासात, चिकटवून त्यांचा संग्रह करत. जहांगीराचा गुलशन मुरक्का असाच तयार झाला. शिवाय माझी पानं शंभर वर्षांपूर्वीच सुटलेली आहेत. मी घेतली नसती तर ती पुन्हा शिवली गेली असती का?

कागदकाम:
मुरक्का जपण्यासाठी बांधला जायचा, त्यात पानं गोळा व्हायची. विसाव्या शतकात झालं ते उलटं. इराणचा सफवी बादशहा शाह तहमास्प याच्या शाहनाम्यात २५८ चित्रं होती. १५६८ साली ते पुस्तक उस्मानी सुलतानाला भेट गेलं आणि चारशे वर्षं अखंड राहिलं. १९५९ मध्ये अमेरिकी संग्राहक आर्थर हॉटन यांनी ते घेतलं आणि पुढे सुटं केलं. ७८ चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला गेली, काही पानं लिलावात विकली गेली. उरलेली ११८ चित्रं आणि मजकूर १९९४ मध्ये इराणला परत मिळाला, तोही आधुनिक चित्रकार डी कूनिंगच्या एका चित्राच्या बदल्यात. २०११ मध्ये त्यातल्या एकाच पानाला लंडनमध्ये ७४ लाख पौंडांहून जास्त किंमत आली. असा भाव दिसल्यावर अखंड पुस्तक हातात असलेला माणूस काय करेल?

त्याआधी पॅरिसच्या दमोत या व्यापाऱ्याने मंगोलकालीन शाहनाम्याची दोन्ही बाजूंना चित्रं असलेली पानं मधोमध चिरली. कागदाचे दोन पापुद्रे वेगळे केले, म्हणजे एका पानाची दोन होऊन विकता येतील. चिरलेला कागद मी हाताळते. त्या हाताला काय वाटलं असेल, ते मला कळत नाही.

दौलताबादी (संभाजीनगर):
मी फक्त घरातलं सांगतो. पणजोबांच्या काळापासून आमच्याकडे हाताने लिहिलेलं कुराण आहे. दोनदा लोक येऊन गेले. पूर्ण प्रत कुणालाच नको होती. त्यांना हवी होती फक्त सुरुवातीची समोरासमोरची दोन पानं, कारण सोनं आणि लाजवर्दी निळा रंग तिथेच असतो. अम्मीने त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. जीर्ण झालेलं कुराणही आम्ही पुरतो किंवा पाण्यात सोडतो, पण त्याचं पान कापत नाही. हाशियासाहेब, तुमच्या तीन पानांत फातिहाचं, म्हणजे कुराणाच्या पहिल्या अध्यायाचं, पान असेल तर त्याच्यामागे एक उघडं पडलेलं पुस्तक आहे, एवढं लक्षात ठेवा.

हाशिया:
तुमचं म्हणणं मनाला लागलं. माझ्याकडे कुराणाचं पान नाही, यापुढेही घेणार नाही. पण काव्याच्या पानांबद्दल माझं मत तेच आहे. संग्रहालयांच्या कपाटात अशी पानं वर्षानुवर्षं पडून असतात. माझ्या घरी येणारी माणसं ती पाहतात, विचारतात, फारसी शिकायला लागलेलीही आहेत.

मोडीवाचक (सातारा):
भारतातून कुणी घेणार असेल तर: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ७५ वर्षांपेक्षा जुनं महत्त्वाचं हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते. चित्रं किंवा सजावट असेल तर नोंदणी करावी लागते, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. नकलाही भरपूर आहेत. जुन्या मजकुरावर नवं चित्र रंगवतात. उजेडासमोर धरलं की रंगाखालची अक्षरं दिसतात.

दुसरं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ आहे, अहमदनगरच्या निजामशाहीतलं. त्यातल्या चित्रांत हुसेन निजामशाहाशेजारच्या राणीची, खुंझा हुमायूनची, आकृती पुसून टाकलेली आहे. पुढे मुलानेच तिला कैदेत टाकलं, अभ्यासक पुसण्याचा संबंध त्याच्याशी जोडतात. चित्रामागून चित्र तीच जागा पुसलेली दिसते, म्हणून ते कळतं. सुटं विकलं असतं तर त्यातलं प्रत्येक पान फक्त ‘खराब झालेलं’ ठरलं असतं.

कागदकाम:
मला हेच म्हणायचं होतं, मोडीवाचक. हाशिया, एक विनंती करते. तुमच्या तिन्ही पानांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. फ्रेम उघडावी लागेल, पण मागची बाजू हवीच.

हाशिया:
फ्रेमवाला शनिवारी उघडून देतो म्हणालाय. नेमकं काय टिपू?

कागदकाम:
पुढच्या बाजूची पहिली ओळ, मागचा कोपऱ्यातला तिरका शब्द आणि शिवणीकडची कड, शेजारी पट्टी ठेवून. जदवलीच्या रेघांचे रंग बाहेरून आत याच क्रमाने लिहा. माझ्याकडच्या पानाचंही तसंच पाठवते.