गाय मोटर्स जग्वारमुळे बुडाली नाही

काही जण म्हणतात की इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनची बस-ट्रक बनवणारी गाय मोटर्स ही कंपनी जग्वारने बुडवली. क्रम उलटा आहे. १९६१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, त्यानंतर जग्वारने ती घेतली. दक्षिण आफ्रिकेत स्वतः विक्री करायला जाऊन मोठा तोटा झालाच होता, त्यात 'वुल्फ्रुनियन' ही डबलडेकर भोवली. गार्डनर ६एलएक्स हे १०.४५ लिटरचं जड इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे, ड्रायव्हरशेजारी बसवलं. भार सगळा पुढच्या अ‍ॅक्सलवर, त्यामुळे पुढचे टायर आणि ब्रेक पॅड झपाट्याने झिजायचे. एअर सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेकही त्याच गाडीत! इतकं नवं एकदम आणायला नको होतं. १३७ बनल्या, त्यातल्या १२६ एकट्या वेस्ट रायडिंग या बस चालवणाऱ्या कंपनीने घेतल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गायच्याच साध्या, दणकट 'अरब' बसने कमावलेलं नाव पाहता हे फार वाईट वाटतं.