चर्चा: उहुराच्या खुर्चीने नासा बदललं का?

अवकाशवेडी

‘स्टार ट्रेक’ या अवकाशयानावरच्या अमेरिकन टीव्ही मालिकेचा विषय निघाला की गाडी हमखास मोबाइलवर येते. त्यातला यानाचा कॅप्टन कर्क हातातल्या यंत्राचं झाकण उघडून बोलायचा, म्हणून आपल्याला फोन मिळाला म्हणे. पहिला हातातला फोन बनवणारे मार्टिन कूपर यांनीच पुढे सांगितलंय की त्यांच्या डोक्यात डिक ट्रेसी या चित्रकथेतला मनगटी रेडिओ होता. तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ.

मालिकेने खरं काम केलं ते माणसांच्या बाबतीत. ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर पहिला भाग लागला, तेव्हा अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आणि इथे यानाच्या मुख्य कक्षात लेफ्टनंट उहुरा, म्हणजे निशेल निकोल्स, अधिकारी म्हणून बसलेली. यान चालवणाऱ्या सुलूचं काम करणारा जॉर्ज ताकेई लहानपणी घरच्यांसोबत जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या छावणीत डांबला गेला होता. दुसऱ्या सीझनला, ऐन शीतयुद्धात, यानावर रशियन अधिकारी चेकॉव्ह आला.

‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग बघा. शत्रूचा चेहरा पहिल्यांदाच पडद्यावर येतो आणि तो थेट यानावरच्या परग्रही अधिकाऱ्याच्या, स्पॉकच्या, जातकुळीतला निघतो, टोकदार कानांसकट. स्टाइल्स नावाचा अधिकारी त्या क्षणापासून स्पॉकवर संशय घ्यायला लागतो. कर्क त्याला सगळ्यांसमोर सुनावतो: हा द्वेष आपल्या खोलीत ठेवायचा, इथे चालणार नाही. पुढे स्टाइल्स दुसरीकडे जातो, तेव्हा त्याच्या जागी नॅव्हिगेशनला उहुरा बसते. कुणालाही त्यात वेगळं काही वाटत नाही. मला ते फार मोठं वाटतं.

रोखठोक

साफ असहमत. एका भागात नॅव्हिगेशनला बसली, बरं. बाकीच्या बहुतेक भागांत उहुराने काय केलं? कानात यंत्र घालून निरोप आल्याचं कर्कला सांगितलं. तेही मिनीस्कर्टच्या गणवेशात. पहिल्या पायलटमध्ये, म्हणजे मालिकेच्या चाचणी भागात, यानावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई होती. दुसऱ्या पायलटपर्यंत ते पात्रच काढून टाकलं गेलं. ३ जून १९६९ चा शेवटचा भाग तर कहर आहे. कॅप्टन होता येत नाही म्हणून कडवट झालेली बाई कर्कशी शरीराची अदलाबदल करते आणि कॅप्टनच्या खुर्चीत बसून पार बिथरते. याला पुरोगामी म्हणायचं? सोव्हिएत अंतराळवीर वालेंतिना तेरेश्कोव्हा १९६३ मध्येच अवकाशात जाऊन आली होती. पडद्याच्या आधी वास्तव पुढे गेलेलं होतं.

अवकाशवेडी

शेवटच्या भागाबद्दल जे लिहिलंत ते अक्षरशः खरं आहे, मलाही तो बघवत नाही. पण परिणाम मोजायचा तर पुढे काय घडलं तेही बघा. १९७७ मध्ये स्पेस शटल या यानासाठी अंतराळवीर हवे होते, तेव्हा स्त्रिया आणि अल्पसंख्याकांनी अर्ज करावेत म्हणून नासाने प्रचाराला कुणाला बोलावलं? निशेल निकोल्सला. १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ जणांत सहा स्त्रिया होत्या, पुढे अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड त्यातलीच. गायन ब्लूफोर्ड आणि रोनाल्ड मॅकनेअर हे कृष्णवर्णीय अंतराळवीरही त्याच तुकडीतले.

रोखठोक

आणि १९७२ चा कायदा? नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या तरतुदी त्या वर्षी केंद्र सरकारच्या खात्यांनाही लागू झाल्या. नासाला दार उघडणं भाग होतं. निकोल्सने दाराशी उभं राहून लोकांना बोलावलं, याचा मान आहेच. पण कुलूप काढलं ते वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात लढलेल्यांनी. त्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात आणि श्रेय मालिकेला जातं, याचा मला खरोखर राग येतो.

गिरगावकर

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागायची, आम्ही ती तिथेच पाहिली. म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. १९६७ च्या ‘स्पेस सीड’ या भागातला खलनायक खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं त्यात म्हटलंय. भूमिका कुणाची? मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्तालबानची, चेहऱ्याला रंग फासून. २०१३ च्या सिनेमात तोच खान गोऱ्या ब्रिटिश बेनेडिक्ट कंबरबॅचने केला. उलट १९७९ च्या पहिल्या सिनेमात मुंबईची पर्सिस खंबाटा, १९६५ ची मिस इंडिया, डोक्याचा तुळतुळीत गोटा करून इलिया झाली. पण इलियासुद्धा परग्रहावरचीच! भारतीय माणूस भारतीय म्हणून त्या यानात ठळक भूमिकेत बसलाच नाही, आणि मला हे अजून खुपतं.

अवकाशवेडी

गिरगावकर, खानबद्दल शंभर टक्के मान्य. रोखठोक, कायद्याने दार उघडलं, हेही मान्य. पण उघड्या दारातून आत जावंसं वाटणं हे कायद्याने होत नाही. मे जेमिसन शिकागोत वाढली, लहानपणी उहुराला बघत होती. १९९२ मध्ये एन्डेव्हर या शटलमधून गेली, अवकाशात जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिथे कामाची पाळी सुरू करताना ती उहुराचंच वाक्य म्हणायची, आणि परतल्यावर १९९३ मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या एका भागात तिने कामही केलं.

रोखठोक

जेमिसन स्टॅनफर्डची केमिकल इंजिनीअर, वर कॉर्नेलची डॉक्टर. तिची निवड त्यावर झाली. उहुरा तिला आवडायची एवढंच यातून कळतं, उहुरा नसती तर ती गेली नसती हे नाही. ते तुम्ही अजून दाखवलेलं नाही.