सप्टेंबरअखेरचं झरमॅट

"सप्टेंबरअखेरीस ना रानफुलं, ना बर्फ, मग झरमॅटला बघायचं काय?" स्वित्झर्लंडच्या आल्प्समधल्या या गावाबद्दल इथल्या चर्चेत वर कुणी मांडलेलं हे मत अजिबात पटलं नाही. बर्फच हवा असेल तर ४,४७८ मीटरचा मॅटरहॉर्न आणि गोर्नर हिमनदी बारा महिने समोर आहेतच. उलट उन्हाळ्यातली दुपारची वादळं याच सुमारास कमी होतात, हवा कोरडी होते आणि लांबची शिखरं स्पष्ट दिसतात.

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते: गोर्नरग्राट या डोंगरधारेवर जाणाऱ्या रेल्वेने थेट माथा गाठण्याआधी रोटेनबोडेन स्थानकावर उतरा. तिथून थोडंसं खाली रिफेलझे तळं आहे. सकाळी लवकर पोचलात तर अख्खा मॅटरहॉर्न त्यात उलटा दिसतो, अगदी टोकाशी अडकलेल्या ढगासकट. जरा वारा सुटला की पाणी थरथरतं आणि प्रतिबिंब मोडतं, म्हणून पहिल्या गाड्यांपैकी एक पकडाच. काठावरचं गवत तोवर तांबूस झालेलं असतं, आणि सावलीत पहाटेचं दंव पांढरं तसंच राहिलेलं. हातमोजे मात्र हवेतच.

लार्चची सोनेरी झाडं बघायची असतील तर ऑक्टोबर मध्यापर्यंत थांबावं लागेल. सूचिपर्णी असूनही हे झाड पानगळ करतं, त्यामुळे उतारच्या उतार पिवळे होतात. पण उन्हाळा आणि हिवाळा यांच्या मधल्या काळात आल्प्समधल्या बऱ्याच केबल कार देखभालीसाठी बंद असतात. हॉटेलचं बुकिंग करण्याआधी त्यांच्या तारखा नक्की बघा.