अर्टिगा डिझेल, २,४१,००० किमी: मिस्त्रीनं ५४,५०० चं काम सांगितलंय, आधी काय करू?

नमस्कार मंडळी,

कळंबपासून (जि. यवतमाळ) बारा किमी आत आमचं गाव. गाडी २०१२ ची अर्टिगा व्हीडीआय, १.३ डिझेल. २०१७ मध्ये नव्वद हजार किमीवर सेकंडहँड घेतली, आज रीडिंग २,४१,०००. इंजिन कधी उघडलं नाही. ऑइल दर दहा हजाराला न चुकता बदलतो, ॲव्हरेज अजून अठराच्या आसपास मिळतं.

आईचं डायलिसिस सुरू आहे. मंगळवार आणि शुक्रवार, वर्ध्याजवळ सावंगी मेघेच्या दवाखान्यात. जाऊन-येऊन साधारण एकशे वीस किमी. म्हणजे ही गाडी माझ्यासाठी हौसेची नाही. एक खेप चुकली की आईच्या पायावर सूज चढते आणि रात्री तिला आडवं झोपता येत नाही.

मे महिन्यात परत येताना देवळीच्या अलीकडे लाल दिवा लागला. लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली. बोनेट उघडलं तर रेडिएटरचा वरचा होज पाइप क्लिपजवळ फाटलेला, सगळं कूलंट रस्त्यावर. दुपारचे अडीच वाजलेले. आईला निंबाच्या सावलीत बसवलं, दुपट्टा ओला करून डोक्यावर ठेवला. डायलिसिसच्या माणसाला पाणीसुद्धा मोजून द्यावं लागतं, त्यामुळे तहान लागली तरी मी तिला दोन घोटांवर पाजू शकत नव्हतो. दोन तासांनी टोचनवाला आला, त्याचे ३,८०० गेले. पाइप होता ४५० रुपयांचा. तो दाबून पाहिला तर भाकरीसारखा मऊ झाला होता, आणि आदल्या सर्व्हिसिंगला कोणी त्याला हातही लावला नव्हता.

म्हणून आता काही बिघडायच्या आधीच कामं करून घ्यायची ठरवलं. यवतमाळच्या मिस्त्रीला पूर्ण गाडी दाखवली. त्यानं मजुरीसकट असं सांगितलं: टायमिंग चेन (इंजिनच्या आत पिस्टन-व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी साखळी) किट १४,५००, क्लच सेट १२,५००, पुढचं सस्पेन्शन (लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, शॉकअप) ११,०००, वॉटर पंप-बेल्ट-सगळे होज-थर्मोस्टॅट-कूलंट ६,५००, ब्रेक पॅड-लायनर-ब्रेक ऑइल ४,५००, इंजेक्टर काढून टेस्टिंग ३,५००, इंजिन माउंटिंग २,०००. एकूण ५४,५००.

वर्षाला गाडी अठरा हजार चालते. दोन वर्षं जरी बिनधोक गेली तरी किमीमागे दीड रुपया पडतो, तो मला जड नाही. नवीन गाडीसाठी आठ लाखाचं कर्ज काढलं तर पाच वर्षं महिन्याला सोळा-सतरा हजार हप्ता. शेतीवाल्याला दरमहा कुठून येणार? अडचण एवढीच की पेरणी तोंडावर आहे. बियाणं-खत घेऊन हातात २५,००० उरतात. बाकीचं कापूस घरात आल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर.

तर यातलं आता काय करू आणि दिवाळीनंतर काय चालेल? चेन खरंच बदलावी लागते का? पुढच्या वर्षी पंधरा वर्षं होऊन रजिस्ट्रेशन नूतनीकरण येणार, त्याची फीच आता ५,००० आहे, तेही डोक्यात आहे. ज्यांनी या इंजिनवर अडीच-तीन लाख किमी काढलेत त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

दादा, आईंना लवकर आराम पडो.

थंड करायची सिस्टीम आणि ब्रेक, यावर विचारच करू नका. ११,००० तिथेच जाऊ द्या. एक विचारतो, त्या दिवशी होज बसवल्यावर आत काय भरलं? हापशीचं किंवा बोअरचं पाणी भरलं असेल तर आपल्याकडच्या पाण्यात क्षार फार, रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर बसतो. आधी फ्लश करायला सांगा, मग कूलंट. ते तयार मिसळलेलं नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळायचं.

इंजेक्टरला मात्र हात लावू देऊ नका. काळा धूर नसेल, स्टार्टिंग एका सेल्फला असेल, आणि ॲव्हरेज अठरा आहेच, तर टेस्टिंग कशाचं? अडकलेले इंजेक्टर उपसताना नवीन दुखणं लागतं. साडेतीन हजार वाचले.

प्रतिसाद २

चेनचं माझ्यावर बेतलेलं सांगते. आमची स्विफ्ट डिझेल, इंजिन तुमचंच. सकाळी सुरू केली की दोन-तीन सेकंद खडखड व्हायची, मग शांत. डिझेल गाडी आहे, आवाज करणारच, असं आम्हाला सांगितलं गेलं. १,९०,००० वर चेन तुटली. पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले, रॉकर तुटले, ६८,००० बिल आलं. गाडी अठरा दिवस गॅरेजमध्ये होती.

या इंजिनात चेनचा ताण टेन्शनर ऑइलच्या दाबावर धरतो. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी दाब यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात सैल झालेली चेन वाजते. म्हणून ऐकायचं ते सकाळी पहिल्या सेल्फला. गाडी गरम असताना मिस्त्रीकडे नेली तर काहीच कळत नाही. बोनेट उघडं ठेवून मोबाइलवर व्हिडिओ काढा. वाजत असेल तर दिवाळीची वाट पाहू नका. चेन, टेन्शनर आणि गाइड तिन्ही एकदम बदला, नुसती चेन नको.

प्रतिसाद ३

भाऊ, क्लचचं मी सांगतो तुमाले. चढावर चौथ्या गिअरमंदी चाळीसच्या स्पीडनं चालवा अन् एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिन ओरडलं अन् गाडी पुढं सरकली नाई, तं क्लच गेला. बरोबर उचलत असन तं साडेबारा हजार कायले घालता? दिवाळीपर्यंत आरामात चालते.

पन पावसात आपल्या पांदन रस्त्यानं गाडी नेता ना, काळी माती चाकाच्या आतून थापीसारखी चिकटते. ते वाळली का दगड होते अन् ॲक्सलच्या रबरी बूटले फाडते. आतलं ग्रीस गेलं का जॉइंट गेला. दर आठ दिवसाले पाण्याचा फवारा मारा, बूट हातानं चाचपून पाहा. पैसा लागत नाई त्याले. लोअर आर्मचा बॉल जॉइंट मात्र जॅकवर उचलून, चाक हलवून पाहाले लावा. तो ढिला असन तं तेवढाच बदलवा, शॉकअप मागून.

अन् टायर कोन्त्या सालचे हायेत? बाजूले चार आकडे असतात, पयले दोन हप्त्याचे, मागचे दोन सालाचे. नक्शी दिसते म्हनून बसू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या दिवशी हापशीचंच पाणी भरलं होतं, तिथे दुसरं काही नव्हतं. फ्लश करून घेतो.

आज सकाळी साडेपाचला ताईंनी सांगितल्याप्रमाणे व्हिडिओ काढला. खडखड आहे. तीन सेकंद, मग बंद. इतके दिवस मी ती ऐकत होतो, पण कशाची ते माहीत नव्हतं. भाऊंनी सांगितलेली क्लचची परीक्षाही केली, गाडी बरोबर उचलते. पुढचे दोन टायर २११८ निघाले, म्हणजे २०१८ च्या मे महिन्यातले. ते मागच्या चाकांना लावून दिवाळीपर्यंत हळू चालवायचा विचार होता, पण आई गाडीत असताना तो धीर होत नाही. एक गोऱ्हा विकायचा होताच, तो टायरांसाठी याच बाजारी काढतो.

ठरलं असं: चेन किट, कूलिंग आणि ब्रेक मिळून २५,५००. बॉल जॉइंट तपासून घेणार. क्लच, माउंटिंग, शॉकअप कापसावर. मिस्त्री म्हणतो दोन दिवस लागतील. मंगळवारी सावंगीहून परस्पर यवतमाळला गाडी सोडतो आणि आईला चुलतभाऊ त्याच्या गाडीनं घरी आणतो. शुक्रवारी सकाळी साडेसहाला गाडी दारात पाहिजे, हे मिस्त्रीला दोनदा सांगितलंय. तरीही गुरुवारी रात्री काम अडकलं तर कळंब परिसरातून शुक्रवारी वर्ध्याकडे जाणारं कोणी आहे का? आईसाठी मागची एक सीट लागेल, डिझेलचे पैसे देईन.